अनोळखी टपाल आणि आपली परीक्षा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या कर्मचारी मेळाव्यात संगणक विभाग प्रमुखांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या प्रसंगी संगणकाविषयी बोलणे थोडे विजोड वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि येत्या वर्षी रुग्णालयात एक परीक्षा घेण्याचे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे आणि ती आपणा सर्वांची आहे. कोणत्याही दिवशी आपल्या ई-मेलवर एक बनावट पत्र येईल. त्यासोबत एक फाईल जोडलेली असेल. ती निरुपद्रवी असेल. परंतु ती कोणी उघडली, कोणी उघडली नाही आणि कोणी आम्हांस कळविले, याची नोंद होईल. मंडळाच्या चर्चेत असाही विचार पुढे आला की, फाईल उघडणाऱ्यांची नावे सूचनाफलकावर लावावीत आणि वार्षिक वेतनवाढीच्या वेळी त्याची दखल घ्यावी. हा विचार सद्हेतूनेच मांडला गेला होता. मला तो मान्य नाही. त्याची कारणे आपणा सर्वांसमक्ष सांगण्याची अनुमती अध्यक्ष महोदयांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रथम भीती खरी आहे की नाही ते पाहू. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संगणकजाळ्यावर ५४ रुग्णालये आणि ७० हजारांहून अधिक यंत्रे होती. १६ मार्च २०२१ रोजी तेथील एका यंत्रावर एक ई-मेल आला आणि १८ मार्च रोजी त्यासोबतची एक्सेल फाईल उघडली गेली. त्या दिवशी डोळ्यांना दिसेल असे काहीच घडले नाही. चोर घरात शिरला आणि आठ आठवडे माळ्यावर बसून राहिला, असे म्हणता येईल. १४ मेच्या पहाटे त्याने कुलुपे घातली. फायली वाचता येईनाशा झाल्या व खंडणीची मागणी आली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूति रुग्णालयाला त्या दिवशी ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवती वगळता इतरांच्या बाह्यरुग्ण भेटी रद्द कराव्या लागल्या. काही ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णांचे किरणोपचार थांबले. सरकारने खंडणी नाकारली. पुढे २० मे रोजी हल्लेखोरांनी स्वतःहून किल्ली दिली, तरीही सर्व सर्व्हर मोकळे होण्यास सप्टेंबर उजाडला.

या प्रकरणाचा चौकशी अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फाईल उघडणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात नाही आणि अहवालाचा रोखही तिच्यावर नाही. ३१ मार्च रोजीच त्या यंत्रावरील विषाणूरोधक प्रणालीने संशयास्पद साधने टिपली होती. पण ती प्रणाली केवळ नोंद करण्यापुरती चालू होती, अडविण्यासाठी नव्हे. मे महिन्यात काही रुग्णालयांना हालचाल जाणवली होती. वरिष्ठ पातळीवर सायबर सुरक्षेची जबाबदारी कोणा एकाकडे नव्हती. अर्थात, फाईल उघडणे हा पहिला क्षण होता आणि त्यानंतरचे आठ आठवडे ही गमावलेली संधी होती. माझे सारे म्हणणे या आठ आठवड्यांविषयी आहे.

आपल्या देशातही दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २३ नोव्हेंबर २०२२ पासून सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्यांचे अहवाल आणि देयके ही कामे हाताने करावी लागली. तेथे जाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. म्हणजे तेथेही बोट यंत्रणेकडेच गेले.

आता आपल्या इमारतीत येऊ. 'अनोळखी माणसाकडून आलेली फाईल उघडू नका' हा उपदेश बँकेच्या खातेदाराला शोभतो. आपल्या देयक विभागातील कर्मचाऱ्याने तो पाळला तर कॅशलेसची मंजुरी मिळणार नाही. खरेदी विभागाकडे रोज नव्या पुरवठादारांची दरपत्रके येतात. बाहेरच्या प्रयोगशाळांचे अहवाल येतात. आपल्या समाजसेवा विभागाचे काम तर पाहाच. धर्मादाय रुग्णालय म्हणून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या खाटेसाठी गावाकडून कोणाचा तरी भाचा मावशीचे शिधापत्रक व उत्पन्नाचा दाखला सायबर कॅफेतून पाठवितो. पत्ता अनोळखी, विषयाची ओळ कोरी, फाईलचे नाव 'स्कॅन १'. संशयास्पद पत्राची सारी लक्षणे त्यात असतात आणि ते पत्र अगदी खरे असते. समाजसेविका भगिनीने भीतीपोटी ते बाजूला ठेवले तर आपली परीक्षा ती उत्तीर्ण होईल, पण त्या मावशींची खाट जाईल. नावे फलकावर लागणार असतील तर प्रत्येक शहाणा माणूस हेच करील. शिवाय चुकून फाईल उघडलीच तर तो कोणाला सांगणार नाही. आयर्लंडचे आठ आठवडे आपण आपल्याच हाताने विकत घेऊ.

शिवाय आकड्यांचा भरवसा किती धरावा, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील सहा आरोग्यसंस्थांत पाठविलेल्या सुमारे ३० लाख चाचणी-पत्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सातांतील एका पत्रावर कोणीतरी फसले होते. चाचण्या वारंवार घेतल्या तेथे प्रमाण उतरलेले दिसले. हे चाचणीच्या बाजूचे मत होय, आणि म्हणूनच मी चाचणीच्या विरोधात नाही. परंतु सॅन दिएगो येथील विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. फसलेल्यांना तत्काळ प्रशिक्षण देऊनही फरक पडला तो अवघा १.७ टक्क्यांचा. प्रशिक्षणाच्या पानावर बहुतेकांनी मिनिटभरही घालविला नाही. (आपल्याकडेही परिपत्रके किती वेळ वाचली जातात, हे व्यासपीठावरील मान्यवरांना ठाऊक आहेच.) त्याहून बोलका आकडा आमिषाचा आहे. पासवर्ड बदलण्यास सांगणाऱ्या पत्राला २ टक्क्यांहून कमी लोक फसले, तर रजेचे नियम बदलल्याचे सांगणाऱ्या पत्राला ३० टक्क्यांहून अधिक. त्या प्रयोगात प्रामुख्याने दुव्यांची तपासणी होती, फायलींची नव्हे. पण मनाचा व्यापार तोच. याचा अर्थ असा की, परीक्षा घेणाऱ्याला हवे तितके लोक तो नापास करू शकतो. अशा निकालावर कोणाची वेतनवाढ ठरविणे न्यायाचे नव्हे.

आमिष निवडताना मर्यादा हवी. गोडॅडी या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ६५० डॉलरच्या सणाच्या बक्षिसाचे पत्र पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतली आणि नंतर तिला क्षमा मागावी लागली. सांता क्रूझ येथील विद्यापीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये इबोलाचा रुग्ण आढळल्याचे पत्र पाठविले. तेथेही क्षमायाचना करावी लागली. आपल्या परीक्षेत बोनस, थकीत वेतन, साथीचा रोग किंवा सहकाऱ्याचा अपघात हे विषय येणार नाहीत, असा शब्द मी देतो.

काही उपाय कर्मचाऱ्यांवर न टाकता आमच्या विभागाने करावयाचे आहेत. मे २००० मधील 'आय लव्ह यू' विषाणू साध्या मजकुराच्या फाईलसारखा दिसे, कारण नावाचे शेवटचे अक्षरगट विंडोज लपवीत असे. ते दिसू लागतील अशी व्यवस्था आम्ही सर्व यंत्रांवर करू. एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे फाईल उघडल्यावर चालणाऱ्या आज्ञा, २०२२ पासून मायक्रोसॉफ्टच इंटरनेटवरून आलेल्या फायलींत रोखून धरते. पण आपल्याकडील जुन्या आवृत्तींत ते होत नाही. देयक व समाजसेवा विभागांसाठी फायली उघडण्याचे स्वतंत्र यंत्र ठेवावे, जे रुग्णनोंदींच्या जाळ्याला जोडलेले नसेल, अशी मागणी मी मंडळाकडे केली आहे. आपणाकडून अपेक्षा दोनच: 'एनेबल कंटेंट' असे बटण दिसले तर ते दाबू नये, आणि पासवर्ड घातलेली झिप फाईल आली व तो पासवर्ड त्याच पत्रात दिलेला असला तर आधी आम्हांस विचारावे, कारण अशा फाईलच्या आत विषाणूरोधक प्रणालीला डोकावता येत नाही.

राहिला परीक्षेच्या मोजमापाचा विषय. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने एका कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने अभ्यास केला. तेथेही फसल्यानंतरच्या शिकवणुकीचा उपयोग झाला नाही. पण कर्मचाऱ्यांनी संशयास्पद पत्रे कळविण्याची व्यवस्था उत्तम चालली आणि ते कळविण्याला कंटाळले नाहीत. म्हणून आपण पहिली सूचना किती मिनिटांत आली, हे मोजावे. फाईल उघडून ज्याने लगेच कळविले, त्याची गणना उत्तीर्णांतच व्हावी. विभागनिहाय आकडे मंडळापुढे यावेत, नावे आमच्याकडेही महिन्याभरापलीकडे राहू नयेत.

रात्रपाळीची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. संगणक विभाग सायंकाळी बंद होतो आणि शासनाच्या सर्ट-इन संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आवश्यक आहे. मध्यरात्री अतिदक्षता विभागात शंका आली तर यंत्र बंद करू नये, त्याची नेटवर्कची केबल काढावी, आणि टेलिफोन ऑपरेटरला सांगावे. तो आमच्यापैकी एकाला घरून उठवील. केबल काढण्याचा अधिकार रात्रीच्या मुख्य परिचारिकेला लेखी द्यावा, असा ठराव मी आजच्या सभेनंतर मंडळाकडे सादर करीत आहे. तो संमत होईपर्यंत परीक्षेचे पहिले पत्र पाठविले जाणार नाही.