फडाची वाट

तमाशाचा फड गावाला दिसतो तो रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. त्याआधीचा त्याचा प्रवास कोणाच्या ध्यानी येतो?

पूर्वी ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांजा एवढाच सरंजाम असे. तो बैलगाडीत मावे. पुढे तंबूचे मोठे फड उभे राहिले. कनाती, रंगमंचाच्या फळ्या, जनरेटर, ध्वनिक्षेपक, कपड्यांच्या पेट्या असा संसार वाढला आणि मालमोटारीवाचून गत्यंतर उरले नाही.

हा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा. चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गावोगावचे पंच जुन्नर तालुक्यातील नारायणगावी फडांच्या राहुट्यांत येतात. तेथे बिदागीइतकीच वाटेचीही बोलणी व्हावयास हवीत. कारण जत्रेत रात्रीचा खेळ, सकाळी हजेरी, आणि लगेच सामान चढवून पुढचे गाव. कलावंतांची झोप काय ती याच वाटेवर, पुष्कळदा सामानाच्याच सोबतीने. ढोलकीवाला मात्र आपले वाद्य त्या ढिगात टाकीत नाही. हलगी विस्तवावर शेकली की पुन्हा बोलू लागते. ढोलकीची शाई उडाली, तर ऐन वेळी उपाय नसतो.

भरलेली मालमोटार गावच्या ओढ्यात रुतली की सारा खेळच खोळंबतो. मैदानापर्यंतची वाट जत्रेपूर्वी पाहून घेणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. भर दुपारी पोचलेल्या फडाला पहिली निकड असते ती सावलीची, पाण्याची आणि स्त्रियांसाठी आडोशाची. मंडप त्यानंतर.