वाकळ : घरातले कापड, शेजारचे हात



ग्रंथालयाच्या शताब्दीत अंथरुणा-पांघरुणावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्तही आहे. परंतु या भागातील घरांनी ग्रंथांइतक्याच निगुतीने आणखी एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. ती विकत आणली जात नसे, घरातच तयार होई. फाटली तर तिला ठिगळ लागे, लेकीसुनांबरोबर ती गावोगाव जाई. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कोल्हापुरापर्यंत तिला वाकळ म्हणतात. देशावर तीच गोधडी होते आणि कानडी बोलणाऱ्या घरात कौदी. नावे तीन असली, तरी वस्तू एकच आणि ती शिवणारे हातही एकाच प्रकारचे. घरसंसाराच्या धबडग्यात, स्वतंत्र वेळ, स्वतंत्र जागा आणि ‘कला’ हे नावही न मिळता जी हस्तकला वाढली, तिचा विचार या वाकळेच्या निमित्ताने करावयाचा आहे.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची रीत या देशात फार जुनी. संस्कृतात तिला ‘कंथा’ हा शब्द आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवले जाई. मगधातील भातखाचरांची आखणी पाहून त्या शिवणीचा आराखडा ठरला, असे विनयपिटकात सांगितले आहे. नाथपंथी जोग्यांच्या वेषातही कंथा आहे. आपल्याकडे गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळेच. मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विरक्ताची कंथा ही घर सोडल्याची खूण आहे, तर गृहिणीची वाकळ घर धरून ठेवल्याची. पहिलीवर पुष्कळ लिहिले गेले. दुसरी मात्र घडी घालून उतरंडीवर ठेवली गेली आणि तिच्याविषयी लिहावे, असे फारसे कोणाला वाटले नाही.

वाकळ कशी होते, हे जाणून घेतल्याखेरीज तिची थोरवी कळत नाही. आरंभ कापडाच्या निवडीपासून. नवे कापड वाकळेला चालत नाही. नव्या सुतात खळ असते, ताठरपणा असतो. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्याचा धागा मऊ होतो, खळ निघून जाते आणि त्या कापडातून सुई सहज पलीकडे जाते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांब. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचा थर मिळतो. धोतर, उपरणे, जुनी चादर, विटलेले सदरे यांचा भर आत जातो. वरच्या बाजूस त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे घेतात. या भागात ते कधी शहापूर-वडगावच्या मागावरचे असे, कधी इरकली. त्याचे काठ वाकळेच्या कडेला यावेत आणि पदर दर्शनी भागात दिसावा, एवढी आखणी शिवणारणीच्या मनात पक्की असते. आराखडा कागदावर कधीच उतरत नाही. चोळीच्या खणाचे उरलेले चौकोन आणि त्रिकोण कोठे बसवायचे, हे कापड अंथरल्यावर ठरते.

मग सगळे थर जमिनीवर पसरायचे, हातांनी सुरकुत्या काढायच्या, कडेला वजन ठेवायचे आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे. यानंतर खरे काम सुरू होते. पुष्कळ घरांत कडेपासून धावदोरा घालीत चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येण्याची रीत आहे. एका चौकटीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. हे टाके शोभेसाठी घातलेले नसतात. त्यांनी थर एकमेकांवरून सरकत नाहीत, धुताना आतला भर गोळा होत नाही आणि थरांच्या मधे हवा धरली जाऊन ऊब टिकते. उपयोगातून जन्मलेली ही रेघ अखेरीस डोळ्यांनाही सुखावते, हा भाग वेगळा.

थोडा हिशेब करून पाहावा. पाच फूट रुंद व सात फूट लांब वाकळ घेतली आणि टाक्यांच्या ओळी एकेक इंच अंतरावर धरल्या, तर एकूण ओळीची लांबी सुमारे ४२० फूट भरते. एका इंचात तीन टाके म्हटले, तरी १५,००० टाके होतात. बारीक हाताच्या बायकांच्या ओळी याहून जवळ असतात, तेव्हा आकडा दुपटीवर जातो. या प्रत्येक टाक्याला पाच-सहा थरांतून सुई खाली आणि वर न्यावी लागते. अंगुस्तान बोटाला असले तरी सायंकाळी बोट ठणकतेच.

हे टाके घालायला वेळ कोठून मिळे? स्वतंत्र वेळ असा नसेच. सुगी आटोपली, वर्षाचे तिखट-मीठ, पापड-सांडगे झाले आणि मिरगाला अवकाश असला, की फाल्गुन ते वैशाख या उन्हाळ्याच्या दिवसांत वाकळ अंथरली जाई. दुपारची भांडी आवरल्यापासून चहाचे आधण ठेवीपर्यंतचा काळ हा तिचा. मूल रडले की सुई कापडात टोचून उठायचे, पाहुणा आला की वाकळ गुंडाळायची, तो गेला की पुन्हा पसरायची. बेळगाव भागातील पावसाळा लांबणारा आणि दमट. तो सुरू होण्यापूर्वी पांघरूण तयार झालेच पाहिजे, ही मुदत निसर्गाने घालून दिलेली. कलावंताला एकांत लागतो, असे साहित्याच्या वर्गात शिकवले जाते. वाकळेचे म्हणणे वेगळे आहे. या कलेने एकांत कधी मागितलाच नाही. व्यत्यय धरूनच तिने आपली रीत बसवली. जेथे सुई थांबली तेथूनच ती पुढे जाते आणि मधले थांबणे शिवणीत दिसत नाही.

एकटीने वाकळ घालणे कठीण. थर ताणून धरायला समोर दुसरी बाई लागते. म्हणून शेजारीण येई आणि आपल्या बाजूने सुई धरून बसे. शेतीत जसा पैरा असतो, आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, तसाच पैरा वाकळेचाही होता. त्याची वही नव्हती, पण हिशेब कोणी विसरत नसे. दोघी-तिघी चार बाजूंना बसल्या की बोलणे आपोआप सुरू होई. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा मुलगा मुंबईला जाऊन पत्र पाठवीत नाही, कोणाच्या घरी वाटणीची भाषा सुरू झाली. समोरासमोर पाहून जे बोलवत नाही, ते खाली कापडाकडे पाहत बोलता येते. अनेक घरांतील दुःखाला पहिली वाचा अशा बैठकीत फुटली असेल.

या सीमाभागात या बैठकीला आणखी एक अर्थ आहे. वाकळेच्या एका कडेला मराठी बोलणारी आणि दुसऱ्या कडेला कानडी बोलणारी, असे दृश्य येथील गल्ल्यांना नवे नव्हते. भाषेचा प्रश्न चावडीवर आणि सभेत तापत असताना त्या दोघींच्या सुया एकाच कापडातून जात होत्या. यामुळे प्रश्न सुटला असे नव्हे, आणि तो लहान आहे असेही नव्हे. परंतु शेजारधर्म त्या प्रश्नाच्या आधीपासून होता आणि त्याने आपले काम थांबवले नाही, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

वाकळ हा कुटुंबाचा इतिहासही असतो. आजीचे चंद्रकळेचे लुगडे, वडिलांचे धोतर, थोरलीच्या परकराचा घेर, गेलेल्या माणसाचा सदरा, सगळे एका शिवणीत येते. थंडीत मुले वाकळेवर पडून ‘हे कोणाचे, ते कोणाचे’ असे विचारीत आणि उत्तरांतून त्यांना आपले कुळ समजत असे. बाळंतविड्यातले दुपटे ही वाकळेचीच धाकटी बहीण. पहिल्या बाळासाठी ते आजीच्या मऊ लुगड्याचे असावे, अशी हौस असे. म्हणजे जन्मलेल्या जीवाचा पहिला स्पर्श वडीलधाऱ्यांच्या वस्त्राशी होई. काही घरांत शेवटचा टाका घालण्यापूर्वी मध्यभागी भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी राहू नये, तिच्याखाली निजणाराही उपाशी राहू नये, ही त्यामागची भावना. नवरात्रापूर्वी घरातील सगळ्या वाकळा नदीवर वा विहिरीवर धुवायला निघत. भिजलेली वाकळ एकट्याला पिळता येत नाही. एका टोकाला सासू आणि दुसऱ्या टोकाला सून, असे दोघींना उलट दिशांनी पीळ द्यावे लागत. वर्षभराचे रुसवे त्या दिवशी तरी बाजूला ठेवणे भाग असे.

येथवर ऐकून मन भरून येणे साहजिक आहे. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. वाकळ ही मुळात गरजेतून आली. नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुने जोडले गेले. जे १५,००० टाके मोजले ते कोणाच्या तरी डोळ्यांनी, पाठीने आणि मानेने घातले आहेत. त्यांचा मोबदला कधी मिळाला नाही. ‘बायकांचा फावला वेळ’ असे त्याला म्हटले गेले, आणि तो वेळ फावला कसा, हे कोणी विचारले नाही. ज्या घरांना परवडे त्या घरांत मजुरीने वाकळ शिवून देणाऱ्या बायका येत. चार दिवस अंगणात बसून त्या काम पुरे करीत आणि ठरलेले पैसे, धान्य, एखादे जुनेर घेऊन जात. त्यांची नावे त्या घरांतल्या लेकरांनाही ठाऊक नसत. मायेने केलेल्या कामाला मोल नसते, असे म्हणताना त्या कामाला किंमतच द्यायची नाही, अशी आपण स्वतःची सोय करून घेतली, हे मान्य करावे लागेल.

गेल्या काही दशकांत सारेच पालटले. नऊवारी गेले, पाचवारी आले आणि त्यातही कृत्रिम धाग्याच्या साड्या वाढल्या. त्या टिकाऊ खऱ्या, पण घाम शोषीत नाहीत, मऊ पडत नाहीत आणि शिवताना हातातून निसटतात. सोलापुरी चादर आणि यंत्रावरची रजई स्वस्तात मिळू लागली. सोपा आणि पडवी जाऊन सदनिका आल्या. सात फुटांचे कापड पसरायला मोकळी जमीन उरली नाही. आणि मुख्य म्हणजे, दुपारी समोर बसायला शेजारीण मोकळी नाही. ती नोकरीला जाते, आणि तिने जावे हेच योग्य आहे. त्यामुळे ‘जुने दिवस परत यावेत’ या हळहळीला अर्थ नाही. विचार करायचा तो असा, की यातले काय राखायचे आणि ते कोणाच्या नावे राखायचे.

याबाबतीत बंगालकडे पाहावे. तेथील कंथा, बंगालीत ‘काँथा’, ही वाकळेचीच नात्यातली. जसीमुद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्शी काँथार माठ’ या काव्यात तिला स्थान दिले. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली तिच्यावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. गुरुसदय दत्त यांनी खेड्यापाड्यांतून कंथा जमविल्या. त्यांच्या संग्रहात मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली एक कंथा आहे आणि तिने आपले नाव टाक्यांनीच तिच्यावर घातले आहे. ते नाव आज अभ्यासकांच्या ओठी आहे. आपल्याकडील किती वाकळांवर नाव आहे?

याहून जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच वाकळ घालतात. तिला त्या कवंदी म्हणतात. चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ बसवल्याखेरीज कवंदी उघडी समजली जाते. काही जणी मध्यभागी तांदळाचे दाणे ठेवतात, म्हणजे तिचे पोट भरलेले राहते. भाकरीच्या तुकड्याशी या दाण्यांचे नाते सांगायला नको. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या प्रयत्नाने २००४ साली या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांची कवंदी परदेशी प्रदर्शनांत गेली. जी वस्तू घरात पायाखाली होती, ती तेथे भिंतीवर लागली. ती भिंतीवर लागावी की पायाखाली असावी, याविषयी मतभेद होतील. पण शिवणारीच्या हाती पैसा गेला आणि तिचे नाव कळले, या दोन गोष्टींविषयी मतभेद होऊ नये.

म्हणून या वाचनालयापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी : प्रत्येक पुस्तक येथे आले की दाखल-नोंदवहीत त्याचे नाव, लेखक आणि वर्ष लिहिले जाते. तशीच एक नोंदवही वाकळांसाठी उघडावी. सभासदांनी आपापल्या घरच्या वाकळेची माहिती द्यावी. कोणाची लुगडी, कोणी शिवली, समोर कोण बसले होते, साधारण कोणत्या साली, तिला घरात काय म्हणत. वाकळ घरीच राहू द्यावी, नोंद मात्र येथे असावी. सांगू शकतील अशा वृद्ध स्त्रिया आज घरोघरी आहेत. त्यांच्यानंतर वाकळ उरेल, पण ‘हे कोणाचे’ या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी उरणार नाही. दुसरी सूचना अशी : ज्या बायका आजही मजुरीने वाकळ घालतात त्यांच्याकडून शिवून घेताना घासाघीस करू नये. टाके मोजून पाहावेत आणि मग दाम ठरवावे.

शंभर वर्षे या संस्थेने लिहिणाऱ्यांची नावे जपली. पुढील शतकाच्या आरंभी तिने शिवणाऱ्यांच्या नावांसाठी एक वही उघडावी, एवढीच विनंती करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.