डोळे नसलेलं शस्त्र



चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत भद्रावती येतं. जुनी माणसं त्याला अजून भांदकच म्हणतात. गावालगत विजासनची टेकडी आहे. तिच्या पोटात बौद्ध लेणी कोरलेली आहेत आणि आतल्या अंधारात बुद्ध बसलेला आहे. त्याच भद्रावतीजवळ आयुध निर्माणीही आहे. तिथं लष्करासाठी दारूगोळा तयार होतो आणि कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. मला त्यात वावगं वाटत नाही. सीमा राखायची तर दारूगोळा लागणारच.

माझा प्रश्न वेगळ्या शस्त्राचा आहे. पोखरणची पहिली अणुचाचणी 18 मे 1974 रोजी झाली.  11 मे 1998 च्या चाचण्या बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाल्या. पहिल्या चाचणीला तर बुद्धाच्या हसण्याचंच नाव जोडलं गेलं. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तिथल्या माणसाला हे नाव जरा जास्तच बोचतं.

तोफगोळा निदान कुठल्यातरी चौकीवर रोखलेला असतो. तो चुकतो, निरपराध माणसं मरतात. पण ती चूक होती असं म्हणता येतं, तिचा जाब विचारता येतो. अणुबाँबचं तसं नाही. हिरोशिमात 1945 साल संपेपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं गेली. शाळकरी मुलं, दवाखान्यातले रोगी, रस्त्यावरून चाललेले लोक. ही चूक नव्हती. शहर मारणं हेच त्या शस्त्राचं काम. त्यामुळे युद्ध लवकर संपलं आणि पुढचे जीव वाचले, असा हिशेब मांडला जातो. असेलही. पण त्या मुलांना हिशेबातली रक्कम करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

गडचिरोलीच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला. 15 जवान गेले, आणि त्यांच्या गाडीचा चालकही गेला. खासगी गाडी, पोटासाठी चालवणारा माणूस. सुरुंग लावणाऱ्यांना वर्दी मारायची होती. चालकाच्या अंगावर ती नव्हती. सुरुंग काही अण्वस्त्राच्या पंक्तीत बसत नाही. पण ओळख न पटवता मारण्याचा दोष इथूनच सुरू होतो.

आमच्या घरी वडील हजरत अबू बक्र यांची गोष्ट सांगत. सीरियाकडे निघालेल्या फौजेला त्यांनी बजावलं होतं, की बाई, मूल, म्हातारा यांना मारायचं नाही. मठात बसलेल्या साधूला हात लावायचा नाही. फळझाड तोडायचं नाही. मोहाच्या झाडावर ज्यांचं अर्धं वर्ष निघतं त्यांना या शेवटच्या अटीचं मोल कळेल. आणि ही शिकवण ज्यांच्या घरात होती त्यांनी काय केलं? 16 मार्च 1988 रोजी सद्दाम हुसेनच्या फौजेनं हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला. सुमारे 5 हजार माणसं मेली. मारणाऱ्यांची नावं माझ्या नावासारखी आणि मरणाऱ्यांचीही. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचा प्रश्न माझ्यासारख्या नावाच्या माणसानं विचारला की काहींच्या भुवया वर जातात.

अण्वस्त्रांचा पहिला वापर आम्ही करणार नाही, असं भारतानं जाहीर केलं आहे. 2003 साली ते धोरण म्हणून पक्कं झालं. या वचनाचा मला अभिमान आहे. पण त्याच धोरणात प्रचंड प्रतिहल्ल्याची भाषाही आहे. कळ दाबणारा एक असतो, आणि प्रतिहल्ल्यात जळणारा कुठलातरी भाजीवाला असतो. त्यानं कुठे कळ दाबलेली असते? धाक हवा म्हणून शस्त्र बाळगणं मी समजू शकतो. ते वापरणं धर्माचं आहे, हे मात्र मला कोणत्याच धर्मातून सिद्ध करता येत नाही.

महाभारतात द्रोणानं ब्रह्मशिर अस्त्र आपल्या मुलाला फार नाखुशीनं दिलं. हट्टापुढे बाप हरला. कितीही संकट आलं तरी माणसांवर सोडू नकोस, असं बजावूनच दिलं. अश्वत्थाम्यानं ते सोडलं. अर्जुनानं उत्तरादाखल आपलं सोडलं, पण व्यास आणि नारद मध्ये उभे राहताच मागे घेतलं. अश्वत्थाम्याला मागे घेता येईना. मग ते वळलं कुठे, तर पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. त्याच्या कपाळावरच्या जखमेची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो. उत्तरेच्या पोटातल्या बाळाची घाईनं उरकतो.

शस्त्र टाकून देता येतच नाही, असंही नाही. रासायनिक अस्त्रांवरील बंदीचा करार 1997 साली अमलात आला तेव्हा भारतानं आपल्याकडचा साठा जाहीर केला, आणि 2009 पर्यंत तो पूर्ण नष्ट केला. त्याची जाहिरात झाली नाही. चाचण्यांच्या दिवशी पेढे वाटले गेले होते, त्या दिवशी कोणी वाटले नाहीत. अण्वस्त्रबंदीचा करारही जानेवारी 2021 पासून लागू झाला आहे. अण्वस्त्रं असलेल्या एकाही देशाची त्यावर सही नाही. आपलीही नाही.