थेंब खाली, दुखणे वर

सकाळी गाडी बाहेर काढली आणि मागे फरशीवर काळा डाग दिसला, की मालकाच्या मनात दोन विचार येतात. एक, 'जुनी गाडी आहे, गळायचीच.' दुसरा, 'आता इंजिन उतरवावे लागणार.' श्रोतेहो, माझे उभे आयुष्य गॅरेजमध्ये गेले. त्या अनुभवावरून सांगतो, हे दोन्ही विचार बहुतेक वेळा खरे नसतात. गाडीचे वय झाले म्हणून तेल गळत नाही, तिच्यातल्या रबराचे वय झाले म्हणून गळते. आणि रबर बदलता येते.

उदाहरणाला आपण सर्वांच्या ओळखीची मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही कितीतरी घरांसमोर ती अजून उभी दिसते. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. त्यात तेल मावते सुमारे तीन लिटर. म्हणजे एक लिटर गेले तर एक तृतीयांश गेले.

इंजिन हा काही एकसंध ठोकळा नसतो. खाली तेलाचे चेंबर, मध्ये ब्लॉक, त्यावर हेड आणि सर्वांत वर टॅपेट कव्हर. प्रत्येक सांध्यात पॅकिंग असते. जिथे फिरता दांडा बाहेर येतो तिथे ऑईल सील असते. सीलची पातळ रबरी कड दांड्याला टेकून तेल अडवते. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन हे रबर कडक होते, आक्रसते, त्याला चिरा पडतात. मग तेल वाट शोधते.

थेंब दिसला की पहिला प्रश्न, हे इंजिन ऑईलच आहे का? रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी पाहा. इंजिन ऑईल तपकिरी किंवा काळे, बोटाला बुळबुळीत. गिअर ऑईल जास्त दाट आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. रेडिएटरचे पाणी रंगीत आणि पातळ. एसी चालवल्यावर पडते ते नुसते पाणी, त्याची चिंता नको. मात्र चाकाजवळ किंवा ब्रेक पेडलच्या बाजूला पातळ, रंग उडवणारा द्रव दिसला तर तो ब्रेक ऑईल असू शकतो. मग गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

दुसरा प्रश्न, किती गळते? साधा हिशेब करू. पाच सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला सातशे वीस थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला छत्तीस मिलिलिटर. म्हणजे अठ्ठावीस तास इंजिन चालले की एक लिटर तेल रस्त्यावर. म्हणून गळत्या गाडीच्या तेलाची पट्टी दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन थंड असताना पाहावी. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर कोणी राहू नये. तो दिवा तेल कमी झाल्याचे सांगत नाही, तेलाचा दाब पडल्याचे सांगतो. चालत्या गाडीत तो लागला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. 'घर जवळच आहे' म्हणत दोन किलोमीटर पुढे गेलेली इंजिने बेअरिंग जाळून माझ्याकडे आली आहेत.

आता गळती शोधायची कशी? इथे एकच सूत्र लक्षात ठेवा. तेल खाली उतरते आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब जिथून पडतो तिथे दुखणे नसते. ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची.

मळक्या इंजिनावर ही जागा सापडत नाही. म्हणून आधी इंजिन धुवायचे, तेही थंड असताना. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकायचे, ब्रशने डिग्रीझर लावून तेलकट थर काढायचा आणि कोरडे करायचे. मग संशयित सांध्यांवर घरातली टाल्कम पावडर हलकेच उडवायची. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवायचे, पिशव्या मात्र आधी काढायला विसरायचे नाही. नंतर बॅटरी घेऊन पाहायचे. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ उमटते आणि रेघेचे वरचे टोक गळती दाखवते.

एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. त्यांची कार्ब्युरेटरवाली मारुती. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यातून तेल टपकत होते. एका गॅरेजने मागचे क्रँक सील गेल्याचे सांगून गिअरबॉक्स उतरवण्याचा मोठा खर्च काढला. घरी पत्नीचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गाडी आठ दिवस आत ठेवणे परवडणारे नव्हते. भंगारात द्यावी का, असे विचारायला ते माझ्याकडे आले. मी म्हटले, "सर, विकायची ती विका, पण आधी धुऊन बघू या."

धुतले, पावडर मारली. सांधा खाली ओला, पण रेघ वरून येत होती. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल हेडवरून ओघळते आणि नेमके गिअरबॉक्सच्या सांध्यावर जाऊन टपकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, क्रँक सील गेले. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून घेतली, म्हणजे इग्निशनचे टायमिंग बिघडत नाही. नवी ओ-रिंग तेलाचे बोट लावून बसवली आणि खुणेला खूण जुळवून बोल्ट आवळला. तासाभराचे काम. दुसऱ्या सकाळी सरांचा फोन आला, "पेपर कोरडा आहे हो!"

मागचे सील कधीच जात नाही असे नव्हे. वरचे सगळे कोरडे आहे, सांध्यातून इंजिन ऑईल येते आहे आणि क्लचही घसरू लागला आहे, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा क्लच प्लेटही तपासून घ्या, कारण मजुरी एकदाच द्यायची असते. टायमिंग बेल्टच्या बाजूचे सील बदलताना तेल लागलेला बेल्टही बदला. तेलाने बेल्टचे रबर खराब होते.

पण एवढ्या लांब जाण्याआधी सोप्या जागा तपासाव्यात. ऑईल फिल्टर ढिला आहे का, की जुन्या फिल्टरचे रबर चिकटून राहिले आणि त्यावरच नवा बसवला? ड्रेन बोल्टचा वॉशर चेपला आहे का? ऑईल प्रेशर स्विचमधून तेल पाझरते का? आणि सर्वांत नेहमीचे दुखणे म्हणजे टॅपेट कव्हरचे पॅकिंग. ते बदलताना जुने पॅकिंग पूर्ण खरवडायचे, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू द्यायचा नाही. दोन्ही कडा कोरड्या पुसायच्या. सिलिकॉन लावायचेच तर कोपऱ्यात, तेही पातळ. जास्त लावले तर आतले गोळे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि बाहेरची गळती थांबवताना आतली वाट बंद होते. नट बेताने, आलटून पालटून आवळायचे. जोर लावला की कव्हर वाकते आणि नवे पॅकिंगही गळते.

सगळे बदलूनही गळतेच आहे? मग ब्रीदर पाईप पाहा. इंजिनाच्या आत साठणारा वायू तिथून बाहेर जातो. पाईप तुंबला तर आत दाब वाढतो आणि तेल धडधाकट सीलमधूनही बाहेर रेटले जाते. पाईप साफ असूनही तेलाचे झाकण उघडल्यावर भकभक धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. ते काम मोठे, आणि तिथे खर्चाचा विचार करावाच लागतो.

बाटलीतून ओतायची गळतीबंद औषधे मिळतात. काही रबर थोडे फुगवतात, त्यामुळे बारीक पाझर काही दिवस कमी होतो. तुटलेले सील त्यांनी जुळत नाही. दाट तेल टाकणे हीसुद्धा मलमपट्टीच.

दोन गोष्टी बजावून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली घोड्या लावा. आणि काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात साठवून, जिथून जळके तेल पुनर्वापराला जाते अशा गॅरेजला द्या. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडून धूर येत असेल तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तिथे आगीचा धोका असतो.

हे सगळे स्वतः करा, असा माझा आग्रह नाही. पण मेकॅनिकने 'इंजिन उतरवावे लागेल' म्हटले, तर न रागावता एवढेच म्हणा, "आधी धुऊन घ्या आणि कुठून येतंय ते मला दाखवा." चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो बॅटरी तुमच्या हातात देतो आणि बोट ठेवून जागा दाखवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)