चष्मा, लेसर आणि सबुरी



लग्नाची बोलणी सुरू झाली की पेडणे-डिचोलीकडील मुलेमुली विचारतात, "लेसरने चष्मा जाईल का?" बहुधा जातो, पण कसा, ते आधी समजून घ्यावे.

डोळ्याच्या दर्शनी भागावरचे पारदर्शक पटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. शस्त्रवैद्य त्याचा पातळ पापुद्रा उचलतो, खालचा भाग लेसरने मोजून झिजवतो आणि पापुद्रा पूर्ववत बसवतो. हा किरण भोवतालचा भाग न भाजता काम करतो, हे १९८१ साली अमेरिकेत मूळ मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह दाखवले.

परंतु झिजवलेले पटल पुन्हा भरून येत नाही. ते मुळात नाजूक असल्यास पुढे फुगून दृष्टी बिघडते. काहींचे डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. चोर्ला घाटात गाडी हाकणाऱ्याने हे ध्यानी धरावे. धुळीने डोळे चोळल्यास ताजा पापुद्रा सरकतो.

म्हणून वय अठरा पूर्ण, नंबर वर्षभर स्थिर आणि पटलाची जाडी व आकार तपासलेला, एवढे झाल्यावाचून होकार देऊ नये. चाळिशीचा चष्मा पुढे लागतोच. वैद्याने नकार दिला, तर तो उपकारच मानावा. मुहूर्त पुढे ढकलता येतो. डोळे बदलून मिळत नाहीत.