पिल्लाची शिस्त आणि धन्याची शिस्त



कुत्र्याचें पिल्लूं घरांत आलें म्हणजे पहिला दिवस कौतुकांत जातो. मुलें त्याच्यासाठीं नांव शोधतात, शेजारीपाजारी पाहून जातात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सतरंजीवर ओल दिसते आणि कौतुकाला ओहोटी लागते. आठवडाभर असेंच चाललें कीं घरांत कुरकुर सुरू होते. आणि महिन्याभरांत, याला कोठें तरी सोडून यावें, असा ठराव होतो. दोष नसतां अशा रीतीनें रस्त्यावर जाणाऱ्या पिल्लांच्या वतीनें मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम हा विद्यार्थी कसा आहे तें पाहूं. जन्मल्यानंतर पहिले सुमारें तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन देहधर्म उरकतां येत नाहीं. आई त्याला चाटते तेव्हां तो होतो, आणि जागा स्वच्छ करण्याचें कामहि तीच करते. पुढें पाय ठरूं लागले कीं तें निजण्याच्या जागेपासून दूर सरकून विधि उरकूं लागतें. म्हणजे अंथरूण स्वच्छ ठेवण्याची वृत्ति निसर्गानेंच त्याला दिलेली आहे. मात्र त्याच्या दृष्टीनें निजण्याचा कोपरा तेवढा घर. बाकीचा दिवाणखाना म्हणजे मैदान. हें मैदानहि घरच आहे, एवढेंच आपल्याला शिकवावयाचें असतें. म्हणून आरंभीं त्याला सबंध घर मोकळें देऊं नये. दृष्टीसमोरचा एखादा लहान कोपरा द्यावा, व जसजसा भरंवसा वाटेल तसतशी हद्द वाढवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. जितक्या महिन्यांचें पिल्लूं, फार तर तितके तास तें लघवी धरूं शकतें, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराच्या संयमाची अपेक्षा करणें म्हणजे बिगरीच्या मुलाला त्रैराशिक घालण्यासारखें आहे. झोपेंतून उठल्याबरोबर, खाणें झाल्यावर थोड्या वेळानें, खेळ थांबतांच आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याला ठराविक जागीं न्यावें. पहिले कांहीं आठवडे मध्यरात्रींहि एकदां उठावें. जागा एकच, शब्द एकच, आणि शक्य तर नेणारा माणूसहि एकच असावा. खाण्याच्या वेळा बांधलेल्या असल्या म्हणजे पुढच्या वेळाहि आपोआप बांधल्या जातात. शाळेच्या घंटेवर उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हें पटावयास वेळ लागत नाहीं.

काम झालें कीं त्याच क्षणीं शाबासकी द्यावी, खाऊचा एखादा तुकडा द्यावा. घरांत परत आल्यावर दिलेला खाऊ घरांत आल्याबद्दल मिळाला असें तें समजतें. दोन घटना लागोपाठ घडल्या तरच जनावराच्या मनांत त्यांची गांठ पडते.

हाच नियम शिक्षेलाहि लागू आहे. दहा मिनिटांपूर्वींच्या डागाजवळ पिल्लाला ओढीत नेऊन त्याचें नाक घासणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांतून तें एवढेंच शिकतें कीं धनी भयंकर आहे; मग तें पलंगाखालीं लपून विधि उरकूं लागतें. 'पण त्याला चूक कळते, चेहरा पाहा कसा अपराधी होतो!' असें कोणी म्हणेल. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेनें २००९ मध्यें या चेहऱ्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानें आज्ञा मोडलेली असो वा नसो, धनी रागें भरला कीं तो चेहरा दिसे. तो अपराधाचा नसून आपल्या रागाचा पडसाद असतो.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञांत तिचें पिल्लूं आलें असतां राजाच्या भावांनीं त्याला मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्याला जीभ लावली नव्हती. निरपराध मुलाला कां मारलें, असें सरमेनें येऊन विचारलें तेव्हां कोणाजवळहि उत्तर नव्हतें. आणि राजाला तिचा शाप घ्यावा लागला. छडी उचलणाऱ्यानें ही कथा अवश्य आठवावी.

शहरांतील बिऱ्हाडांत आणखी एक अडचण असते. लसी पुऱ्या होण्यापूर्वीं पिल्लाला रस्त्यावर, इतर कुत्रीं फिरतात तेथें, नेणें धोक्याचें. पार्व्हो विषाणूचा प्राणघातक रोग तेथूनच येतो. तोंपर्यंत सज्जांत किंवा न्हाणीघरांत रद्दी वर्तमानपत्रें पसरून जागा ठरवावी, व पुढें पशुवैद्याच्या संमतीनें बाहेरची संवय लावावी. घरांत डाग पडलाच तर अमोनियायुक्त द्रवानें पुसूं नये. त्याच्या वासाला मूत्राशीं साम्य असल्यामुळें पिल्लूं पुन्हां तेथेंच येतें. पाणी व शिरका यांनीं किंवा एन्झाइमयुक्त द्रवानें जागा धुवावी. शिकलेलें कुत्रें एकाएकीं बिघडलें तर रागावण्याआधीं पशुवैद्याला दाखवावें. मूत्रमार्गाचा विकार असूं शकतो. आणि आपल्याला पाहून दबून बसतांना ज्या पिल्लाला लघवी होते, तें उद्धट नसून नम्र असतें. त्याला दटावल्यास तें अधिकच भितें.

बहुतेक पिल्लें चार-सहा महिन्यांच्या नियमित शिकवणीनें तयार होतात. कांहींना वर्ष लागतें. पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी मरावयास टाकून देणें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हाच आहे. परंतु कायद्याचें भय दाखविण्याची वेळ कां यावी? पहिल्या महिन्यांत पाढे आले नाहींत म्हणून मुलाचें नांव शाळेंतून काढणारा बाप मी पाहिलेला नाहीं. पिल्लूं घरीं आणण्यापूर्वीं घरांतील मोठ्यांनीं एकत्र बसून पहाटे कोण उठणार, दुपारीं कोण नेणार, हें ठरवावें. तें ठरत नसेल तर पिल्लूं आणूं नये. ठरलें तर अर्धी शिकवणी तेथेंच झाली.