आईचे आरोग्य, बाळाची बुद्धी



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर डॉक्टरने गरोदरपणाविषयी का बोलावे, असे काहींना वाटेल. मुलाचे शिक्षण बालवाडीत सुरू होते असे आपण मानतो; परंतु ज्या मेंदूने ते शिकायचे, तो आईच्या पोटात घडत असतो.

आपल्या गळ्याच्या पुढील बाजूस थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. गरोदरपणात थकवा यायचाच, असे म्हणून घरात त्याकडे दुर्लक्ष होते. पहिले तीन महिने बाळ या रसासाठी सर्वस्वी आईवर अवलंबून असते. तो फार अपुरा पडल्यास गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा आणि बाळाच्या बौद्धिक वाढीत उणीव राहण्याचा धोका असतो.

खेड्यातील एक भगिनी माझ्याकडे पाचव्या महिन्यात आली. लग्नापूर्वीपासून तिला थायरॉईडची गोळी चालू होती. दिवस राहताच सासूबाईंनी मायेपोटी सांगितले, "आता औषध नको, बाळाला बाधेल." तिने गोळी बंद केली. वास्तविक अशा वेळी गोळी थांबवायची नसते. बहुधा तिचे प्रमाण वाढवावे लागते. आम्ही उपचार पुन्हा सुरू केले. पण गेलेले महिने कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. सासूबाईंची माया खरी होती, उणीव होती ती माहितीची.

म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना टी.एस.एच. या रक्ततपासणीविषयी विचारा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनी. रमजानमध्ये वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. गरोदर स्त्रीला रोज्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे.

गर्भवतीला रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. समुद्राच्या साध्या मिठात ते पुरेसे असते, हा गैरसमज आहे. आयोडीनयुक्त मीठच घ्या आणि ते झाकून ठेवा.

विद्यार्थिनींनो, आज घरी गेल्यावर ही गोष्ट आईला, भाभीला, शेजारच्या खालाला सांगा. शिकलेल्या मुलीचा घराला पहिला उपयोग हाच.